वरच्या दहा नॅनोमीटरची चौकशी

वेफर्सच्या पुड्याचं वेष्टन बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मचं असतं. उभी-आडवी ताणून केलेली ही फिल्म पारदर्शक, कडक आणि स्वस्त असते आणि पावसाळ्यातही आतले वेफर्स सादळू देत नाही. तिच्यात खोट एकच आहे. तिच्यावर काही टिकत नाही. शाई पसरत नाही, गोंद धरत नाही, वाफेतून बसवलेला ॲल्युमिनिअमचा थर चिकटपट्टीबरोबर उचलला जातो. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काहीच नसतं, त्यामुळे शाईतल्या रेणूंना धरून ठेवायला तिथे जागाच सापडत नाही. तिची पृष्ठऊर्जा मीटरला सुमारे 30 मिलिन्यूटन. पाण्याचा पृष्ठताण 72.8. या फिल्मवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो टच्च उभा राहतो आणि फिल्मशी 100 अंशांच्या आसपास कोन करतो.

म्हणून छपाईआधी ही फिल्म विजेच्या विसर्जनातून नेतात. हवेतच केलं तर त्याला कारखान्यात ‘कोरोना’ म्हणतात. बंद कक्षात, हवा काढून, हवा तो वायू सोडून केलं तर ‘प्लाझ्मा’. फिल्म रोलरवरून धावत असते, विसर्जनाखाली ती सेकंदाच्या अंशभरच असते. बाहेर येते तेव्हा तिची जाडी तीच, ताकद तीच, चकाकीही तीच. पण आता शाई बसते. बदल झालेला असतो फक्त वरच्या काही नॅनोमीटरमध्ये. फिल्म 20 मायक्रोमीटर जाडीची धरली, तर 10 नॅनोमीटर म्हणजे तिचा दोन हजारावा भाग. वजन करून, वितळवून किंवा नेहमीच्या अवरक्त वर्णपटाने हा भाग हाती लागत नाही. खालच्या प्रचंड मालात तो बुडून जातो.

या थराचं रसायन कसं वाचतात, हा या प्रकरणाचा विषय. आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: ‘पृष्ठभागावर इतके टक्के ऑक्सिजन’ हा एकच आकडा देऊन या थराचं वर्णन होत नाही. तो आकडा पृष्ठभाग धुण्याआधीचा की नंतरचा, कोणत्या दिवसाचा, आणि तो ऑक्सिजन कोणत्या रूपात आहे, हे कळेपर्यंत चौकशी अर्धवटच राहते.

‘प्लाझ्मा’ हे नाव विसर्जनातल्या वायूला अर्व्हिंग लँगम्युर यांनी 1928 मध्ये दिलं. प्लास्टिकसाठी वापरतात तो थंड प्लाझ्मा. त्यातला वायू जवळजवळ खोलीच्याच तापमानाचा असतो, पण मोकळे इलेक्ट्रॉन मात्र काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने धावत असतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, कार्बन-हायड्रोजन बंधाला त्याहून थोडे जास्त. म्हणजे फिल्म न वितळवता तिच्या वरच्या रेणूंचे बंध तोडण्याइतकी ताकद या वायूत असते. शिवाय त्यातून निघणारा तीव्र अतिनील प्रकाशही बंध तोडतो. तुटलेल्या जागी अर्धवट बंध उरतात आणि ते समोर येईल त्याला पकडतात: ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजन, नाहीतर शेजारची साखळी.

कारखान्यात याची तपासणी ‘डाइन पेन’ने होते. ठरावीक पृष्ठताणाचं द्रव फिल्मवर ओढायचं आणि ती रेघ दोन सेकंद अखंड राहते का ते पाहायचं. 38 चं पेन टिकलं तर रोल छपाईला जातो. मशीनपाशी उभं राहून काही क्षणांत निर्णय घ्यायला याहून सोयीची युक्ती नाही, आणि ती टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पण ते पेन ‘ओलं होतं’ एवढंच सांगतं. का होतं, ते सांगत नाही. आज 40 दाखवणारा रोल महिन्याने 34 का दाखवतो, किंवा 40 असूनही शाई सोलून का निघते, या प्रश्नांशी पोचलं की पेन खाली ठेवावं लागतं.

इथे क्ष-किरणांची मदत घेतात. हाइनरिश हर्ट्‌झ यांना 1887 मध्ये दिसलेला आणि आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये उलगडलेला प्रकाशविद्युत परिणाम आपण शाळेत शिकलो. प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. प्रकाशाऐवजी क्ष-किरण वापरले, तर अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉनही सुटतो. ॲल्युमिनिअमच्या लक्ष्यातून निघणाऱ्या क्ष-किरणाची ऊर्जा असते 1486.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट. कार्बनच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन 285 ने बांधलेला असतो. तेव्हा तो बाहेर येतो सुमारे 1200 घेऊन. बाहेर आलेल्याची ऊर्जा मोजली की तो किती घट्ट बांधलेला होता हे वजाबाकीने कळतं, आणि त्यावरून तो कोणत्या मूलद्रव्याचा होता हेही. कार्बन 285 पाशी, नायट्रोजन 400 पाशी, ऑक्सिजन 532 पाशी, फ्लुओरिन 689 पाशी. फक्त हायड्रोजन आणि हेलियम या पद्धतीला दिसत नाहीत.

ही पद्धत पृष्ठभागाची का? क्ष-किरण फिल्ममध्ये खोलवर जातात, पण इलेक्ट्रॉनला बाहेर पडता यायला हवं. एवढ्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पॉलिमरमध्ये सरासरी तीनेक नॅनोमीटर गेला की कुठेतरी धडकून ऊर्जा गमावतो. त्यामुळे मोजणीत आलेले जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन वरच्या 10 नॅनोमीटरमधले असतात, आणि त्यातलेही साठ टक्क्यांहून जास्त वरच्या तीनांतले. नमुना तिरका केला की ही खोली आणखी कमी होते. आपल्याला हवा तेवढाच थर निसर्गाने असा वेगळा काढून दिला आहे.

पण मूलद्रव्य ओळखणं हा या तंत्राचा मोठेपणा नव्हे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात काई सीगबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनची ऊर्जा इतक्या बारकाईने मोजायचं उपकरण उभारलं की त्यांना एक अधिकची गोष्ट दिसली. एकाच मूलद्रव्याच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा शेजारी कोण आहे त्याप्रमाणे थोडी सरकते. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना इथिल ट्रायफ्लुओरोॲसिटेट हा रेणू. त्यात चार कार्बन आहेत आणि चौघांचे शेजारी वेगळे: एकाला तीन फ्लुओरिन, दुसऱ्याला दोन ऑक्सिजन, तिसऱ्याला एक ऑक्सिजन, चौथ्याला नुसते हायड्रोजन. वर्णपटात चार शिखरं आली, चारही सारख्या क्षेत्रफळाची. पहिल्या आणि चौथ्या शिखरांमधलं अंतर आठ इलेक्ट्रॉनव्होल्टचं. फ्लुओरिन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात, कार्बनपाशी उरलेले मग अधिक घट्ट धरले जातात, एवढंच त्यामागचं कारण. सीगबान यांना 1981 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वडील मान्ने सीगबान यांना 1924 चं मिळालं होतं. हे तंत्र पॉलिमरांना लावण्यात 1970 च्या दशकात इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातले डेव्हिड क्लार्क आघाडीवर होते. हा चार कार्बनांचा रेणू लक्षात ठेवावा. तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता आपली फिल्म उपकरणात ठेवू. स्वच्छ पॉलिप्रॉपिलीनचा कार्बन-वर्णपट अगदी साधा असतो: 285.0 वर एक शिखर, बाकी सपाट. फिल्म वीजरोधक असल्याने इलेक्ट्रॉन सुटत गेले की ती धनभारित होते आणि सगळी शिखरं एका बाजूला सरकतात. म्हणून तिच्यावर मंद इलेक्ट्रॉनांचा फवारा सोडून भार भरून काढतात आणि मुख्य शिखर 285.0 वर आणून मोजपट्टी लावतात.

ऑक्सिजन प्लाझ्मातून काढलेली फिल्म ठेवली की त्या शिखराच्या डावीकडे उतरणीला एक खांदा फुटलेला दिसतो. एकूण अणूंमध्ये ऑक्सिजन दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात आलेला असतो. खांदा उलगडला तर त्यात तीन शिखरं निघतात. 286.5 वर ऑक्सिजनशी एकेरी बंध असलेला कार्बन. 288 वर दुहेरी बंध असलेला किंवा दोन ऑक्सिजनांना जोडलेला. 289 च्या थोडं पुढे आम्ल किंवा एस्टरमधला. ऑक्सिजनशी प्रत्येक बंधामागे दीडेक इलेक्ट्रॉनव्होल्ट, हा ढोबळ हिशेब. उपकरण नीट लागलं आहे का हे आधी साध्या पेट (पॉलिएस्टर) फिल्मवर तपासावं: तिच्या कार्बनची तीन शिखरं 3:1:1 या प्रमाणात यायलाच हवीत आणि ऑक्सिजन 28.6 टक्के.

इथवर चित्र छान दिसतं आणि पुष्कळ अहवाल इथेच थांबतात. पण 286.5 च्या शिखराखाली बसलंय कोण? अल्कोहोल तिथेच येतं, ईथर तिथेच, इपॉक्साइड आणि हायड्रोपरॉक्साइडही तिथेच. गोंदाच्या दृष्टीने यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे: अल्कोहोलचा हायड्रॉक्सिल गट पॉलियुरेथेनच्या गोंदाशी रासायनिक बंध करतो, ईथर नुसता बसून राहतो. वर्णपट दोघांना एकाच जागी दाखवतो. शिखराला संगणकावर कितीही बारीक चिरलं तरी जी माहिती त्यात नाही ती त्यातून निघत नाही.

यावर काढलेला तोडगा मला या साऱ्या शास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो. ज्या गटाचा शोध घ्यायचा, त्याच्याशीच संयोग पावणारा आणि एरवी फिल्मवर नसणारं मूलद्रव्य घेऊन येणारा रेणू वाफेच्या रूपात सोडायचा. हायड्रॉक्सिलसाठी ट्रायफ्लुओरोॲसेटिक अनहायड्राइड. काचेच्या नळीत फिल्मचा तुकडा, शेजारी द्रवाचे काही थेंब, त्यांची वाफ, मग निर्वात करून उरलेली वाफ काढून टाकायची. प्रत्येक हायड्रॉक्सिलवर एक ट्रायफ्लुओरोॲसिटेट गट बसतो आणि तीन फ्लुओरिन घेऊन येतो. समजा मूळच्या 100 कार्बनांमागे 5 हायड्रॉक्सिल होते. आता फ्लुओरिन झाले 15, कार्बन झाले 110. फ्लुओरिन-कार्बन गुणोत्तर 0.136 आलं की उलटा हिशेब करून 5 वर पोचता येतं. आणि फिल्मवर तयार काय झालं? उप्सालाच्या त्या चार कार्बनांच्या रेणूचीच प्रतिकृती, फक्त शेपटीकडून प्लास्टिकला बांधलेली. तीन फ्लुओरिनवाला कार्बन 293 च्या जवळ एकटा उभा राहतो. तिथे गर्दी नाही, म्हणून तो चुकत नाही.

अट एवढीच की अभिक्रिया पुरी व्हायला हवी आणि भलत्याच गटाशी व्हायला नको. म्हणून सोबत दोन साक्षीदार ठेवतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्सिल ठासून भरलेले असतात. तिथे फ्लुओरिन 33 टक्क्यांच्या जवळ जायलाच हवा. पेट फिल्मवर तो जवळजवळ शून्य राहायला हवा. इपॉक्साइड आणि अमाइन मात्र याच रेणूशी संयोग पावतात, तेव्हा नायट्रोजनचा प्लाझ्मा वापरला असेल तर हा आकडा हायड्रॉक्सिलचा म्हणून खपवता येत नाही. आम्लगटासाठी ट्रायफ्लुओरोइथेनॉल, कार्बोनिलसाठी हायड्राझिन, अशी इतर जोडपीही आहेत.

दुसरा प्रश्न: हा ऑक्सिजन आला कुठून? शुद्ध आर्गॉनच्या प्लाझ्मात ठेवलेल्या फिल्मवरही ऑक्सिजन सापडतो. आर्गॉन तर कशाशीच जोडला जात नाही. होतं असं की प्लाझ्माने तयार केलेले अर्धवट बंध कक्षाचं दार उघडेपर्यंत टिकून राहतात आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन पकडतात. नमुना हवेला न लावता थेट मोजणीत नेला तर ऑक्सिजन फारच कमी निघतो. वजनदार ऑक्सिजन-18 वायू वापरून वस्तुमान वर्णपट काढला तर प्लाझ्मातून आलेला आणि हवेतून आलेला ऑक्सिजन वेगवेगळा मोजता येतो. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हॅन्सन आणि शॉनहॉर्न यांनी 1966 मध्येच दाखवून दिलं होतं की निष्क्रिय वायूच्या प्लाझ्मानेही पॉलिथिलीन चांगलं चिकटतं, कारण वरच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जाऊन कमकुवत थर मजबूत होतो. अशा साखळ्यांमधले नवे कार्बन-कार्बन बंधही 285 वरच येतात. म्हणजे चिकटण्याचं जे खरं कारण, ते कार्बन-वर्णपटात दिसतच नाही.

तिसरी गोष्ट धुण्याची. पॉलिप्रॉपिलीनची साखळी कोरोनाखाली मधूनमधून तुटते. तुटलेले, ऑक्सिजन खाल्लेले आखूड तुकडे पृष्ठभागावर पडून राहतात. ते फिल्मला बांधलेले नसतात. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत मार्क स्ट्रोबेल आणि सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. फिल्म पाण्याने धुवा आणि पुन्हा मोजा: ऑक्सिजनचा आकडा घसरतो. जो गेला तो सुट्या तुकड्यांचा, जो उरला तो पक्का. कोरोनाऐवजी ज्योतीखालून काढलेल्या पॉलिप्रॉपिलीनवर मात्र असे सुटे तुकडे त्यांना सापडले नाहीत. दोन फिल्मवर सारखाच ऑक्सिजन, पण एकीची शाई टिकते, दुसरीची सुट्या तुकड्यांसकट उचलली जाते, याचा उलगडा पुष्कळदा इथे होतो. (शाईतल्या द्रावकात हे तुकडे विरघळून गेले तर ते त्रास देत नाहीत, त्यामुळे एका शाईला चाललेली फिल्म दुसरीला नापास ठरते.) काही मिनिटांचं हे काम. ते केल्यावाचून पृष्ठभागाचा अहवाल छापू नये, असं माझं मत आहे.

आणि काळ. प्रक्रिया केलेला पृष्ठभाग स्थिर नसतो. ध्रुवीय गटांना हवेकडे तोंड करून राहणं परवडत नाही. साखळ्या हलतात, गट आत वळतात, पाण्याचा कोन हळूहळू वाढत जातो. उन्हाळ्यात गोदाम तापलं की हे लवकर होतं. या काळात गंमत अशी दिसते की थेंब बिघडलेला, पण क्ष-किरणांचा ऑक्सिजन आकडा जवळजवळ तोच. थेंबाला वरचा एखादा नॅनोमीटरच कळतो, क्ष-किरणांना दहा. गट निघून गेलेले नाहीत, थोडे खाली दडलेत. नमुना तिरका करून मोजला की वरच्या थरातला तुटवडा उघड होतो. म्हणून प्रक्रियेची तारीख आणि मोजणीची तारीख, दोन्ही आकड्याशेजारी हव्यात.

रोल बिघडण्याचं आणखी एक कारण फिल्मच्या पोटातून येतं. रोलवरून फिल्म सरकती राहावी म्हणून तिच्यात इरुकामाइड घालतात. कारखान्यात त्याला ‘स्लिप’ म्हणतात. ते हळूहळू वर येतं आणि प्रक्रिया झाकून टाकतं. त्याच्या रेणूत 22 कार्बन, एक ऑक्सिजन, एक नायट्रोजन. पृष्ठभाग पुरता झाकला गेला तरी नायट्रोजन चार टक्क्यांच्या फारसा वर जाणार नाही, आणि थर पातळ असेल तर तो क्ष-किरणांच्या मोजणीत जेमतेम दिसेल. अशा वेळी वस्तुमान वर्णपटाचा मार्ग बरा. पृष्ठभागावर आयनांचा मारा करायचा आणि उडालेल्या तुकड्यांची वजनं मोजायची. मारा इतका विरळ ठेवायचा की शंभर अणूंमागे एकालाही नीट धक्का लागू नये. ही बेताची पद्धत जर्मनीत आल्फ्रेड बेनिंगहोव्हेन यांनी 1970 च्या सुमारास बसवली. इरुकामाइड 338 वर सापडतं, सिलिकोन तेलाचा डाग 73 आणि 147 वर. किती आहे हे ही पद्धत भरवशाने सांगत नाही, कारण तुकडा आयन होऊन उडणं भोवतालावर अवलंबून असतं. पण कोण आहे हे ती नाव घेऊन सांगते.

प्लाझ्माने फिल्म बदलण्याऐवजी नवी फिल्म बसवायची असेल, तेव्हा प्रश्न उलटा होतो: घातलेल्या वाफेचा किती भाग धडपणी उरला? इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठात शीला मॅकनील आणि रॉबर्ट शॉर्ट यांच्या गटांनी भाजलेल्या रुग्णांसाठी एक उपाय उभा केला. सिलिकोनच्या चकतीवर ॲक्रिलिक आम्लाच्या वाफेचा प्लाझ्मा चालवून पातळ थर बसवायचा, त्यावर रुग्णाच्याच त्वचेच्या पेशी वाढवायच्या आणि चकती जखमेवर उपडी ठेवायची. पेशींनी चकतीवर रुजायला हवं आणि जखमेत उतरायलाही हवं. हे दोन्ही पृष्ठभागावरच्या आम्लगटांच्या प्रमाणावर अवलंबून होतं.

ॲक्रिलिक आम्लाच्या रेणूत तीन कार्बन, त्यातला एक आम्लगटाचा. रेणू जसाच्या तसा जोडला गेला तर 289 च्या शिखरात कार्बनचा तिसरा हिस्सा यायला हवा. विजेची शक्ती कमी आणि वाफ भरपूर ठेवली की आकडा त्या बाजूला झुकतो. शक्ती वाढवली की आम्लगट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि शिखर खुजं होतं. हिरोत्सुगु यासुदा यांनी शक्ती भागिले वाफेचा प्रवाह व रेणुभार असं एक गुणोत्तर मांडलं, ते आजही या कामात पायाभूत आहे. पण 289 वर आम्ल आणि एस्टर एकाच जागी बसतात, तेव्हा ट्रायफ्लुओरोइथेनॉलची खूण लावल्याशिवाय पेशींना मिळालेलं आम्ल खरं किती ते कळत नाही.

आणि कमी शक्तीच्या थराची दुसरी अडचण: त्यातल्या साखळ्या आखूड आणि सैल असतात, त्यामुळे तो पाण्यात विरघळू शकतो. पेशी तर पाण्यातच वाढवायच्या. म्हणून थर बसवताना चकतीशेजारी सिलिकॉनच्या वेफरचा एक तुकडाही ठेवायचा. दोन्ही एक दिवस पेशींच्या द्रवात भिजवायचे, वाळवायचे आणि पुन्हा मोजायचे. चकतीवर 102 पाशी सिलिकॉन दिसला, तर थर विरघळून पातळ झाला असेल किंवा सिलिकोनमधलं तेल झिरपून वर आलं असेल. वेफरमध्ये तेल नाही. तिथे 99 पाशी सिलिकॉन उघडा पडला, तर थर विरघळला असं समजून शक्ती वाढवायची आणि थोडे आम्लगट गमवायची तयारी ठेवायची. वेफर झाकलेलाच राहिला, तर थर धड आहे आणि चकतीवर दिसलेला सिलिकॉन तेलाचा. अशा वेळी चकतीच आधी द्रावकात भिजवून तिच्यातलं सुटं तेल काढून टाकायचं आणि मग तिच्यावर थर बसवायचा.